खरखरीची बखर

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्र चालू झाले त्या वर्षाची नोंद करतात आणि पुढे जातात. टेलिफोन १८७६ साली बोलू लागला, फोनोग्राफ १८७७ साली, असे आपण शाळेत शिकलो आणि आता मुलांना शिकवतो. परंतु बोलता बोलता तो टेलिफोन आणखी काय काय करीत होता, माणसाच्या शब्दांमागे कसली गुणगुण, कसली तडतड आणि कसली सूं सूं चालली होती, ते पाठ्यपुस्तकात नाही. वस्तुतः या नकोशा आवाजांनाही इतिहास आहे आणि तो यंत्रांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. त्याचे अलीकडचे टोक तरुण मुले घरी बसून बनवतात त्या एका लहानशा डबीत येऊन पोचले आहे. मला सांगावयाचे आहे ते तिच्याविषयी.

विजेची गिटार वाजवणारा मनुष्य पायाशी एक डबी ठेवतो. गिटारीतून निघालेली वायर या डबीत शिरते, दुसरी वायर डबीतून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि मधल्या मार्गात आवाजावर काही संस्कार होतात. पायाने दाबून चालू-बंद करावयाची म्हणून तिला पेडल म्हणतात. पेडले नाना प्रकारची असली, तरी त्यांतले सर्वांत साधे आणि जुन्यांतले एक म्हणजे फझ. ते करते काय, तर आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटते. गोल माथ्याचा डोंगर आत जावा आणि पाचगणीच्या टेबललँडसारखे सपाट पठार बाहेर यावे, तसा प्रकार. शेंडा छाटला की मूळ स्वराच्या डोक्यावर त्याचेच वरचे अनेक स्वर उभे राहतात. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज फाटला.

आता गंमत अशी, की ही डबी ज्याने घरी बनवली त्याची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘हिच्यातून खरखर फार येते.’ अरे बाबा, खरखर यावी म्हणूनच तर तू ती बनवलीस! पण त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला एक खरखर हवी असते, दुसरी नको असते. कोणती आपली आणि कोणती परकी हे ठरवता ठरवताच या आवाजांचा सारा इतिहास घडला आहे.

आरंभ टेलिफोनपासून करू. त्याच्या पहिल्या तारा तारायंत्राच्या धर्तीवर टाकलेल्या होत्या. जाण्यासाठी एक लोखंडी तार, आणि परतीचा मार्ग जमिनीतून. जमीन फुकट मिळे, हा त्यातला फायदा. परंतु जमीन सर्वांचीच असते. शेजारच्या तारायंत्राची टकटक आणि पुढे विजेच्या ट्रामगाड्या आल्या तेव्हा त्यांची घरघर, सारे काही त्या एकट्या तारेवर स्वार होऊन कानात येई. यावरचा उपाय खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेलने सुचवला. १८८१ साली त्याने दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याचे पेटंट घेतले. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि शेवटी एकमेकाला खाऊन टाकतो. बोलणे मात्र एका तारेतून जाते, दुसरीतून परतते, म्हणून ते शाबूत राहते. आपल्याकडे काट्याने काटा काढणे म्हणतात ते हेच.

गिटारीत हीच युक्ती यायला पाऊणशे वर्षे लागली. विजेच्या गिटारीत तारांखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते. पण त्या वेढ्यांना तार कोणती आणि खोलीतला दिवा किंवा ट्रान्सफॉर्मर कोणता, हे कुठले कळायला! घरच्या विजेची गुणगुण ते तितक्याच आस्थेने उचलतात. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या गृहस्थाने एकाऐवजी दोन वेटोळी घेतली. दुसऱ्याचे वेढे उलट आणि चुंबकाचे टोकही उलट. तारेचा आवाज दोहोंत मिळून वाढतो, गुणगुण मात्र आपसांत कटते. अर्ज त्याने १९५५ साली केला, पेटंट मिळाले १९५९ साली. मधल्या काळातल्या नगांखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असे. ती चिठ्ठी असलेले जुने नग आज शौकीन लोक भारी किमतीला घेतात.

गुणगुण बाहेरून येते म्हणून तिला अडवता तरी येते. सूं सूं हा वेगळा मामला आहे. वॉल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ साली दाखवले, की व्हॉल्व्हमधून वाहणारी वीज पाण्यासारखी सलग नसते. छऱ्यांसारखे इलेक्ट्रॉन एकेक करून आदळतात आणि पत्र्यावर पाऊस पडावा तसा त्यांचा आवाज होतो. पुढे अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन बर्ट्रांड जॉन्सन याने याहूनही मुळातली गोष्ट पकडली. कोळसा घ्या, धातू घ्या, नाही तर क्षाराचे पाणी घ्या, त्यात बाहेरून वीज मुळीच सोडू नका, तरी त्याच्या दोन टोकांत एक सूक्ष्म खळबळ चालूच असते. पदार्थ कोणता याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्याचा विरोध किती आणि तो किती तापलेला आहे, एवढ्यावरच ती ठरते. जॉन्सनचा सहकारी हॅरी नायक्विस्ट याने तिचे गणित बसवले आणि १९२८ साली दोघांचे लेख प्रसिद्ध झाले. नवल असे, की दोघेही मूळचे स्वीडनचे.

हा हिशेब घरच्या डबीलाही लागू पडतो. दहा लाख ओहमचा एक रेझिस्टर साध्या २७ अंश उष्णतेत, माणसाच्या कानाच्या टप्प्यात, सुमारे १८ मायक्रोव्होल्ट इतका आवाज स्वतःच करतो. हे काही फार नव्हे. पण फझची डबी आलेले सगळे शेकडो पटींनी फुगवते. ती आवाजाचे शेंडे छाटते, ते आधी त्याला छताला टेकेपर्यंत वाढवून. वाजणारी तार छताला टेकली की तिथेच थांबते, पण तिच्या पायाशी बसलेली सूं सूं मोकळी वाढत राहते. तार थांबली की मग तीच ऐकू येते. हव्या खरखरीची किंमत नकोशा खरखरीत मोजावी लागते ती अशी.

तेव्हा ही खरखर हवीशी कधी झाली, ते पाहू.

१९५१ साली मेम्फिस शहरात आईक टर्नरच्या वाद्यवृंदाने ‘रॉकेट ८८’ नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. वाटेत त्यांच्या गिटारवाल्याचा, विली किझार्टचा, ॲम्प्लिफायर बिघडला होता. कोणी सांगतात गाडीवरून पडला, कोणी सांगतात पावसात भिजला. लाऊडस्पीकरचा फाटलेला पडदा कागद कोंबून कसाबसा सावरला आणि त्याच घोगऱ्या आवाजात गाणे झाले. सॅम फिलिप्स या स्टुडिओच्या मालकाला तो आवाज आवडला, म्हणून तो टिकला. पुढे १९५८ साली लिंक रे याने पेन्सिलीने आपल्या स्पीकरना मुद्दाम भोके पाडली आणि १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिसने ब्लेडने पडदा चिरला. चांगली वस्तू हाताने फाडणाऱ्या या मंडळींना शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना कोणीही करावी.

परंतु खरी कथा नॅशव्हिलची. १९६०च्या अखेरीस तेथील एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स ‘डोन्ट वरी’ हे गाणे गात होता आणि ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवीत होता. त्याचा आवाज टेबलाच्या ज्या मार्गाने जात होता, त्या मार्गातला ट्रान्सफॉर्मर नेमका त्या वेळी बिघडला. बेसचा आवाज एकाएकी घशात माशी अडकल्यासारखा झाला. ती ओळ पुन्हा वाजवून घेणे सहज शक्य होते. ती तशीच ठेवावी, असे ठरले. १९६१ साली गाणे बाजारात आले, गाजले, आणि लोक ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याच्याकडे तोच आवाज मागू लागले. पण दिवसेंदिवस ढासळणारा तो भाग पुढे पुरताच बंद पडला, असे स्नॉडी सांगत असे. म्हणजे बिघाडच बिघडला! मागणीप्रमाणे पुन्हा पुन्हा मिळेल असा भरवशाचा बिघाड तयार करणे प्राप्त झाले. स्नॉडी आणि त्याचा सहकारी रेव्हिस हॉब्स यांनी जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या यांतून तो बनवला, आणि गिब्सनने १९६२ साली तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढला.

कंपनीने त्याची जाहिरात कशी केली, हे मोठे बोलके आहे. गिटारीतून पितळी वाद्यांचा, फुंकवाद्यांचा, चेलोचा आवाज काढा, असे तिचे सांगणे होते. ही खरखर आहे आणि ती खरखर म्हणूनच ऐका, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. नवी वस्तू दुसऱ्याचे कपडे घालून दारात उभी राहिली. दुकानदारांनी पहिल्या वर्षी पाच हजारांवर नग उचलले, पण गिऱ्हाईक फिरकेना आणि पुढे मागणी जवळजवळ बंद झाली. मग मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या मंडळीतल्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ती डबी वापरली. तीसुद्धा कशी? पुढे तिथे पितळी वाद्ये भरावयाची, तोवर जागा राखायला म्हणून. वाद्ये कधी भरलीच नाहीत. राखलेली जागा हेच गाणे झाले आणि दुकानांतल्या पडून राहिलेल्या डब्या संपल्या.

माझ्या एका कादंबरीतल्या म्हाताऱ्या बाईचे बोलणे एका संपादकाने ‘स्वच्छ’ करून पाठवले होते, ते हे वाचताना मला आठवले. तिचे ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ काढून टाकल्यावर ती बाईच पानातून उठून गेली. मी तिला परत आणली. पण ते असो.

१९६५ सालीच लंडनमध्ये गॅरी हर्स्टने ‘टोन बेंडर’ काढले आणि १९६६ साली आर्बिटर कंपनीचे वाटोळे ‘फझ फेस’ आले, जे जिमी हेंड्रिक्सने जगभर पोचवले. या फझ फेसच्या पोटात असते तरी काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि फिरवायची दोन बटणे. मोजून अकरा वस्तू. घरी बनवणाऱ्याला याहून मोठे आमंत्रण कोणते? क्रेग अँडरटनने १९७५ साली संगीतकारांसाठी घरगुती यंत्रांचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून हा छंद अमेरिकेत रुजला. आपल्याकडेही आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत या वस्तू सुटे पैसे मोजून मिळतात. बनवणे सोपे आहे. त्रास पुढे सुरू होतो.

आमच्या मिरजेतला माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. काही वर्षांपूर्वी त्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून काढलेले दोन एसी १२८ घालून अशी डबी बनवली. त्याचे चुलते तंबोरे बनवणारे. तंबोऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात तिथे सुताचा दोरा सरकवून जवारी लावावयाची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. घरात तिन्हीसांजेला हा मुलगा डबी लावी, आणि गिटार वाजण्याआधीच घरभर भुंग्यांचे मोहोळ उठे. चुलते त्रासून गेले होते. मुलगाही टेकीला आला होता. डबी मोडून टाकावी आणि बाजारातली घ्यावी, तर तिला त्याचा महिन्याचा पगार पुरेना. मी सहज गेलो होतो, तर तो म्हणाला, “सर, सगळे तपासले. जोडणी नकाशाबरहुकूम आहे.”

चुलते कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, “हा एक आवाज नाही रे. दोन आहेत. एक खालचा, आणि एक त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला.”

पोरगा चमकला. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. अडॅप्टर तिची सरळ वीज करतो तेव्हा हेलकाव्याचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतो, म्हणून त्याच्या मागे जी लहर राहते ती १००ची. पन्नास आणि शंभर, म्हणजे नेमके एक सप्तक. तेव्हा वरचा सूर अडॅप्टरमधून येत होता आणि खालचा हवेतून. त्याने अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावली. वरचा सूर गेला. (पुढे त्याने अडॅप्टरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि जमिनीकडे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला. एवढ्याने ती लहर सुमारे सहापट घटते. या जुन्या जातीच्या ट्रान्झिस्टरांचे फझ फेस असले, की धन टोक जमिनीला जोडलेले असते, इतर पेडलांत ऋण. दोन्ही एकाच अडॅप्टरवर चालवली की शॉर्ट होते, हेही घरी बनवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

खालचा सूर राहिला. गिटारीचे बटण शून्यावर नेले तरी तो राहिला, म्हणजे गिटार निर्दोष. डबी प्लास्टिकची होती. प्लास्टिक विजेच्या उपद्रवाला अडवीत नाही. धातूचे आवरण अडवते, हे फॅरडेने १८३६ साली दाखवले. मुलाने सारे काढून ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवले, आणि आवाज तसूभर कमी झाला नाही. डब्याला आतून रंग होता. जॅकचे कडे रंगावर टेकत होते, धातूला लागतच नव्हते. कानशीने रंग खरवडला तेव्हा तो सूर विझला.

मग त्या शांततेत एक गृहस्थ बातम्या देऊ लागले. अगदी हळू, पण शब्द कळण्याइतके. मी थक्क झालो. मुलाला याचे काही वाटले नाही. आत येणारी वायर लांब होती, ती एरियल झाली. आणि ट्रान्झिस्टरचा सांधा विजेला एकाच दिशेने नीट जाऊ देतो, म्हणून रेडिओची लहर त्यात आपोआप उलगडते. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी गॅलिना या खनिजाच्या खड्यात नेमका हाच गुण पकडला होता. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. डबीने, कोणी न सांगता, बसूंचे यंत्र स्वतःत उभे केले होते. आत येणाऱ्या वाटेवर शंभरेक पिकोफॅरडचा लहानसा कंडेन्सर जमिनीकडे जोडला आणि बातम्या थांबल्या. मला, खरे सांगायचे तर, थोडे वाईट वाटले.

राहिली तडतड. तिच्यासाठी जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची रीत कामी आली : यंत्र चालू ठेवावयाचे आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका सांध्यावर टिचकी मारीत जावयाचे. तिसऱ्या कंडेन्सरच्या पायाशी टिचकी पडली आणि स्पीकरने किंकाळी फोडली. ड्राय सोल्डर. वरून चकचकीत दिसत होते, आतून पकड नव्हती. पुन्हा तापवले, झाले.

आवाज कुठून येतो ते आधी ठरवावयाचे आणि मगच त्याला हात लावावयाचा, ही रीत त्या मुलाला पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कामाने शिकवली होती. हीच रीत कार्ल जान्स्कीची. समुद्रापलीकडच्या टेलिफोनात खरखर कुठून येते ते शोधण्याचे काम बेल कंपनीने त्याला दिले होते. १९३२ साली त्याने तिचे तीन वर्ग केले : जवळची वादळे, दूरची वादळे, आणि एक सतत चालणारी सूं सूं. तिसरी दररोज चार मिनिटे लवकर येते हे त्याने वहीत टिपले होते, आणि १९३३ साली ती आकाशगंगेकडून येत असल्याचे त्याने जाहीर केले. आधी बंदोबस्त आणि मग चौकशी असे त्याने केले असते, तर रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ आणखी कोणाच्या तरी नावावर लागला असता.

आमच्या डबीतही शेवटी सूं सूंच उरली. मुलाने पिशवीतले सहा-सात एसी १२८ पालटून पाहिले. जर्मेनियमचे हे जुने ट्रान्झिस्टर एकाच साच्यातले असून एकासारखा दुसरा नसतो. त्यांतून वीज गळते आणि उष्णता वाढली की गळती वाढते. चिमटीत धरले तरी आवाज बदलतो. सर्वांत शांत दोन निवडून त्याने पक्के केले. जी राहिली ती जॉन्सनची. तिच्यावर इलाज म्हणजे सारे यंत्र बर्फात ठेवणे, आणि तेही अगदी थोडा.

मग त्याने गिटार वाजवली. एकच तार, लांब. मी चुलत्यांकडे पाहिले. विचारले, “काका, तुमचा दोरा आणि याची डबी, फरक काय?” ते लगेच बोलले नाहीत. जवारीत तार घोडीला निसटती घासते आणि तिच्यातून वरचे स्वर उमलतात. फझमध्ये लाटेची मान कापली जाते. रीती निराळ्या आहेत, हे मलाही कळत होते. पुन्हा तार वाजली. ते म्हणाले, “दोरा जरा मागे घ्यायला हवा.” मुलाने बटण थोडे उतरवले. “आता बरोबर,” ते म्हणाले आणि दिवा लावायला उठले.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर १९७०च्या सुमारास सिलिकॉनपुढे मागे पडले. आज ते जुन्या साठ्यांतून शोधावे लागतात. नवी पेडले पुष्कळदा संगणकावर चालतात. त्यांत बिघडलेला ट्रान्सफॉर्मर, फाटलेला पडदा, गळका ट्रान्झिस्टर या साऱ्यांची गणिते भरलेली असतात. अशा एका यंत्राचा पडदा त्या मुलाने मला दाखवला. त्यात उभा केलेला ॲम्प्लिफायर नुसता आकड्यांचा, त्यात ना व्हॉल्व्ह ना ट्रान्सफॉर्मर, तेव्हा त्याला गुणगुणण्याचे काहीच कारण नाही. तरी पडद्यावर इतर बटणांच्या रांगेत ‘हम’ नावाचे एक बटण होते, आणि ते उजवीकडे फिरवले की गुणगुण हवी तितकी वाढत होती.